तज्ज्ञाचं ‘नाही’

३ फेब्रुवारी

आज धाकट्याला सोडलं. दहाची वेळ सांगितली होती, बाहेर आला साडेबाराला. दोन वर्षांत माझा भाऊ अर्धा झाला आहे. अंगात अटकेच्या दिवशीचाच शर्ट, तो आता खांद्यावरून घसरतो. मला बघून म्हणाला, “ताई, तू पांढरी झालीस की!” म्हटलं, “आणि तू काय राजबिंडा होऊन आलास?” दोघेही हसलो.

ही वही आजच काढली. एका माणसाला मला चारचौघांत उघडं पाडायचं आहे. कसं, ते अजून माहीत नाही. पण दोन वर्षं मी याच विचारावर जगले आहे, तेव्हा आता लिहूनच ठेवावं.

५ फेब्रुवारी

धाकटा प्रत्येक दाराशी थांबतो. स्वयंपाकघरात यायचं तरी चौकटीत उभा राहतो, कुणीतरी ‘जा’ म्हणेल म्हणून. मी म्हटलं, “अरे, घर आहे हे.” ओशाळून आत आला. दुपारी पुन्हा तसाच.

मला वाईट वाटलं. मग मनात आलं, हा असाच उभा राहिलेला लोकांनी बघायला हवा. त्या माणसाने तर बघायलाच हवा.

११ फेब्रुवारी

देव पावला म्हणतात तो असा! पेपरात सूचना आली आहे. औषधासाठी गांजा कायदेशीर करावा का, त्यावर संशोधनाला मोकळीक द्यावी का, हे ठरवायला सरकारने समिती नेमली आहे. १६ एप्रिलला जाहीर सुनावणी. ज्याला बोलायचं असेल त्याने नाव नोंदवावं. आणि ज्यांना मुद्दाम बोलावलं आहे त्यांच्या यादीत तिसरं नाव तज्ज्ञाचं.

मी त्याला तज्ज्ञ म्हणते, कारण कोर्टात सरकारी वकील तसं म्हणाला होता. आमच्याच इस्पितळात मज्जातंतूंचा मोठा डॉक्टर आहे. मी तळघरात रेकॉर्ड रूममध्ये, तो चौथ्या मजल्यावर. तीस वर्षांत एकदाही आमची बोलाचाली नाही.

झालं ते एकदा नीट लिहून काढते.

आमचे हे वजनकाटे दुरुस्त करायचे. केसाएवढा फरक बोटांना कळायचा. मग मज्जातंतूंचा आजार जडला. आधी पाय आखडले, मग हात. संध्याकाळी पोटऱ्यांत असे गोळे यायचे की हे उशी दातांत धरायचे. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. गोळ्यांनी दिवसभर झापड यायची, आखडणं होतं तिथेच. धाकटा तेव्हा एका रोपवाटिकेत कामाला होता. त्याने कुठेतरी वाचलं की काही देशांत या आजाराला गांज्याचा अर्क देतात. कुणाला न विचारता त्याने रोपवाटिकेच्या मागे चार झाडं लावली, तेलात अर्क काढला, बाटली आणून माझ्या हातात दिली. मी शिव्या घातल्या. यांनी म्हटलं, “दे गं. याहून वाईट काय होणार आहे?”

आठव्या दिवशी यांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. पाचही. मग आरशासमोर उभे राहून सगळी काढली आणि पुन्हा लावली.

असे सात महिने गेले. मग धाड पडली. चार झाडं एका पोलिसाने उपटून टेबलावर मांडली, चोरलेल्या दागिन्यांसारखी. आमच्या वकिलाने कोर्टात सांगितलं की हे आजारी माणसासाठी होतं. तेव्हा सरकारी वकिलाने तज्ज्ञाला विचारलं, “या वनस्पतीचा औषधी उपयोग आहे असा मान्यताप्राप्त पुरावा आपल्याकडे आहे का?”

तज्ज्ञ म्हणाला, “नाही.”

एवढंच बोलला. घड्याळ बघितलं आणि निघून गेला. धाकट्याला दोन वर्षं झाली. हे त्यानंतर आठ महिने जगले, आणि ते महिने कसे गेले ते मी या वहीत लिहिणार नाही.

२६ फेब्रुवारी

सापडलं!

बंद पडलेल्या अभ्यासांच्या फायली मागच्या घोड्यावर, म्हणजे लोखंडी मांडणीवर, सर्वांत वर असतात. पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत शिडी लावून तज्ज्ञाचं काही हाती लागतं का ते बघत होते. आज एक जाड फाईल, पाठीला वाळवी लागलेली. वर तज्ज्ञाचं नाव. अकरा वर्षांपूर्वी त्यानेच अर्ज केला होता: आखडलेल्या स्नायूंवर गांज्याच्या अर्काचा परिणाम तपासण्यासाठी परवाना मिळावा. सोबत तेवीस रुग्णांची टिपणं, नावं नाहीत, नुसते आकडे. हे लोक स्वतःच कुठून तरी गांजा मिळवत होते आणि याला येऊन सांगत होते. हा लिहून घेत होता. पंधरा जणांपुढे त्याच्या अक्षरात लिहिलं आहे, ‘लक्षणीय आराम’. शेवटी त्याचं वाक्य: ‘तातडीने शास्त्रीय अभ्यास व्हावा, अन्यथा हे रुग्ण अंधारात चाचपडत राहतील.’

खाली सही. आणि कोर्टात ‘नाही’!

चौघांपुढे ‘फरक नाही’ आणि चौघांपुढे ‘त्रास’ असंही आहे. ती पानं मला नकोत. मला पंधरा पुरेत.

फाईल डब्याच्या पिशवीतून घरी आणली. नोकरी जाईल, माहीत आहे.

१० मार्च

तज्ज्ञ आज तळघरात आला. स्वतः, जिने उतरून. मी ट्रॉलीवर फायली लावत होते.

“बाई, एक जुनी फाईल हवी होती. बंद अभ्यासांपैकी.”

“वर्ष?”

त्याने वर्ष सांगितलं, नंबर सांगितला. मी रजिस्टर उघडून बोट फिरवलं, घोड्यापर्यंत जाऊन आले. म्हटलं, “नाही.”

तो म्हणाला, “पुन्हा बघाल का? १६ एप्रिलच्या आत मिळाली तर फार बरं होईल.”

“बघते.”

१६ एप्रिलच्या आत! चोराच्या मनातलं बाहेर पडलंच. फाडून टाकायची असणार, म्हणजे सुनावणीत पुन्हा ‘नाही’ म्हणायला मोकळा. मला त्याने ओळखलंसुद्धा नाही. कोर्टात मी रोज पहिल्या बाकावर बसत होते.

पण त्याला ‘नाही’ म्हणताना जे वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते. फार बरं वाटलं.

२१ मार्च

पुन्हा आला. या वेळी लेखी विनंती घेऊन, खाली शिक्का. आवाज उतरलेला होता. “बाई, माझ्याकडे त्याची एकही प्रत नाही हो. घर बदललं तेव्हा सगळं गेलं.” मी म्हटलं, “वाळवीने खाल्ली असेल. मागे बऱ्याच गेल्या.”

त्याने मान हलवली आणि जिन्याच्या कठड्याला धरून वर गेला. मला वाटलं होतं सुटकेचा निःश्वास टाकेल. कसलेला नट आहे.

२८ मार्च

धाकट्याशी कडाक्याचं भांडण झालं. मी त्याच्याकडून साक्षीची तयारी करून घेत होते. काय बोलायचं, कुठे थांबायचं. तुरुंगात मिळायचा का रे गांजा, असं मी सहज विचारलं. म्हणाला, “मिळायचा म्हणजे? बिडीपेक्षा सोपा. मला तिथे रोज मिळाला असता आणि इथे भाऊजींना थेंब मिळेना.”

मी टाळी वाजवली. “हेच! हेच बोल तिथे. आणि आत येताना तसाच थांब, दारात थांबतोस ना, तसा.”

त्याने पेला खाली ठेवला. “ताई, तुला मी कोण वाटतो? पुराव्याची वस्तू?”

“त्या माणसाने तुझी दोन वर्षं खाल्ली.”

“माझी खाल्ली ना? मग राग कोणी धरायचा ते मला ठरवू दे. मी त्या कठड्यात परत उभा राहणार नाही. तुझ्यासाठी नाही, कायद्यासाठीही नाही.” मग म्हणाला, “भाऊजी गेले ते मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. पोचवायला सोडलं नाही. आल्यापासून तू मला धाड विचारलीस, कोर्ट विचारलंस, जेवण विचारलंस. हे एकदा तरी विचारलंस?”

नव्हतं विचारलं.

त्याचं पान मी माझ्या भाषणातून काढलं आहे. फाईल मात्र आहे. फाईल पुरेशी आहे.

४ एप्रिल

भाषण पुन्हा पुन्हा वाचते. एक गोष्ट त्यात घातलेली नाही, म्हणून इथे लिहिते. पाचव्या महिन्यात धाकट्याने नव्या झाडाचा अर्क आणला. मी नेहमीएवढेच थेंब दिले. तासाभरात हे मला ओळखेनात. भिंत अंगावर येते म्हणाले, ओकले, माझा हात पकडून लहान पोरासारखे रडले. मी फोनपाशी गेले आणि परत आले. डॉक्टरला काय सांगणार? किती थेंब जास्त झाले ते मलाच ठाऊक नव्हतं. माप विचारायला जगात कुणी नव्हतं. आयुष्यभर केसाएवढा फरक मोजलेला माणूस, आणि त्याचं औषध मी अंदाजाने देत होते.

हे समितीला सांगितलं तर विरोधक उचलून धरतील. नको.

१६ एप्रिल

आज जे झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. क्रमाने लिहिते.

मोठं दालन, पंखे, मागे खुर्च्या. समोर पाच जण. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश, शेजारी एक निवृत्त पोलीस अधिकारी. त्याने येणाऱ्या प्रत्येकाला फाडून खायचा चंग बांधला होता. फाईल माझ्या मांडीवर, पिशवीत.

पहिला बोलला तो एक बाप. एकोणीस वर्षांची मुलगी ओढायला लागली, मग कानात आवाज ऐकू येऊ लागले, आता तिला घरात एकटं ठेवता येत नाही. “आणि तुम्ही मोकळीक द्यायची म्हणता,” एवढंच म्हणाला. मला त्याचा राग आला होता, आमच्या वाटेत येतो म्हणून. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, “ती नेमकं काय घेत होती?” तो म्हणाला, “कसं कळणार? विकणारा सांगतो थोडाच? त्यात काय मिसळलं होतं, किती कडक होतं, डॉक्टरलाही कळलं नाही.” माझा राग तिथेच विरघळला. हा माणूस आणि मी एकाच अंधारात उभे होतो.

तिसरा तज्ज्ञ. मी पिशवीचा बंद सोडला.

तो उभा राहिला आणि म्हणाला, “दोन वर्षांपूर्वी एका खटल्यात मला विचारलं गेलं की औषधी उपयोगाचा मान्यताप्राप्त पुरावा आहे का. मी नाही म्हणालो. शब्दशः ते खरं होतं. पण पुरावा का नाही, ते मी सांगितलं नाही. मीच अकरा वर्षांपूर्वी परवाना मागितला होता. चार वर्षं पत्रं लिहिली. खात्याने कळवलं, पुरावा नसल्यामुळे संशोधनाला परवानगी देता येत नाही. परवानगी नाही म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून परवानगी नाही. या चक्रात मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यामुळे एक माणूस तुरुंगात गेला.”

हे माझं भाषण होतं! मी दोन महिने घोटलेलं वाक्य त्याने माझ्या तोंडातून काढून घेतलं. याला रडवायला आले होते, आणि हा आपणहून गुडघे टेकून बसला.

पोलीस अधिकारी हसला. “छान कथा आहे, डॉक्टर. अर्ज कुठे आहे? टिपणं कुठे आहेत?”

“फाईल सापडत नाही. रेकॉर्ड रूमच्या म्हणण्याप्रमाणे वाळवीने खाल्ली.”

“वाळवीने!” दालन हसलं. “म्हणजे तेव्हा पुरावा नव्हता आणि आताही नाही. तेव्हा शपथेवर एक बोललात, आज दुसरं बोलता. पुढचे कोण?”

तज्ज्ञ तिथेच उभा राहिला. चेहरा असा पडला होता की मी दोन वर्षं जो चेहरा मनात रंगवत होते तो हाच. मला बोटही हलवायची गरज नव्हती. गप्प बसले असते तर तो कायमचा संपला असता. मी गप्प बसलेसुद्धा. पंखा मोजला. दहा वेळा फिरेपर्यंत मी गप्प होते, हे कबूल करते.

मग मागे बघितलं. धाकटा येणार नाही म्हणाला होता, पण शेवटच्या रांगेत बसला होता. पिशवीत काय आहे ते त्याला माहीत होतं. त्याने खूण केली नाही, मान हलवली नाही. नुसता बघत होता, मी काय करते ते.

मी उठले. “फाईल माझ्याकडे आहे.”

अध्यक्षबाई म्हणाल्या, “तुम्ही कोण?”

“रेकॉर्ड रूममधली कारकून. हे दोनदा मागायला आले, मी दोनदा नाही म्हटलं.”

“का?”

“यांना उघडं पाडायचं होतं. तुरुंगात गेला तो माझा भाऊ. ज्याच्यासाठी झाडं लावली तो माझा नवरा. तो वारला.”

कुणी हसलं नाही. मी पुढे जाऊन वाचायला लागले, त्या पंधरा जणांची टिपणं. माझं संपलं तसा मागून तज्ज्ञाचा आवाज आला, “बाई, उरलेली आठही वाचा.” मी वळून बघितलं. “चौघांना फरक पडला नाही, चौघांना त्रास झाला. तेही वाचा. नाहीतर उपयोग नाही.”

तळपायाची आग मस्तकात गेली. पण वाचलं. एकोणिसाव्या रुग्णापुढे लिहिलं होतं: भिंत जवळ येते असं वाटलं, उलटी, दोन तास भीती. मग मी जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेच बोलले. यांचा तो दिवस, थेंब, फोनपाशी जाऊन परत येणं. “मला माप सांगणारं कुणी हवं होतं,” म्हटलं. “तुम्ही सरसकट बंदी घातलीत म्हणून मी थांबले नाही. फक्त आंधळेपणाने दिलं. घरोघरी असंच चाललं असेल. तुरुंगातसुद्धा मिळतो म्हणे, बिडीपेक्षा सोपा. ज्याला दुखतंय त्यालाच तेवढा मिळत नाही.”

त्या मुलीचा बाप माझ्याकडे बघत होता. त्याने मान डोलावली की नाही, सांगता येत नाही.

१७ एप्रिल

काल एक लिहायचं राहिलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये तज्ज्ञ हात जोडून समोर आला. “तुमचे उपकार...”

“उपकार नाहीत. तेव्हा का नाही बोललात?”

“घाबरलो. विभागप्रमुख व्हायचं होतं. गांजावाला डॉक्टर म्हणून नाव झालं असतं.”

“झालात?”

“झालो.”

एवढ्यासाठी! काही मोठं कारण असेल असं मला वाटत होतं. एखादं कारस्थान, निदान वैर. खुर्चीसाठी? मी म्हटलं, “माफी मागू नका. मिळणार नाही.” तो म्हणाला, “मागत नाही.” मग धाकट्यासमोर गेला आणि त्याच्याकडे मागितली. धाकटा म्हणाला, “बरं.” नुसतं ‘बरं’! मला त्याचाही राग आला.

९ मे

फाईल बाहेर नेल्याबद्दल चौकशी झाली. सगळं कबूल केलं. रेकॉर्ड रूममधून काढून मला नोंदणीच्या खिडकीवर बसवलं आहे. दिवसभर लोक ओरडतात, मी ओरडते. पोलीस अधिकाऱ्याने माझ्याविरुद्ध फौजदारी करा असं पत्र दिलं होतं म्हणे. तज्ज्ञाने उलट पत्र दिलं, त्यामुळे टळलं. त्याच्यामुळे काही टळावं ही माझी इच्छा नव्हती.

२० ऑगस्ट

समितीचा अहवाल जूनमध्येच आला, सरकारने तो मानलाही. औषधासाठी गांजा कायदेशीर, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. संशोधनाला परवाने. घरी लावायला अजून बंदी. शिक्षा झालेल्यांबद्दल अवाक्षर नाही.

अभ्यासासाठी लागणारी झाडं एका सरकारी काचघरात वाढवणार आहेत. माळी हवेत. मी धाकट्याचा अर्ज भरला, त्याच्या नकळत. तज्ज्ञाने शिफारस लिहिली, चांगली लिहिली. उत्तर आलं: या वनस्पतीसंबंधी गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना प्रवेश नाही.

धाकट्याला सांगितलं तर पोट धरून हसला. “ताई, मला नकोच ते झाड. मी गुलाबात खूश आहे.” त्याला एका बागेत काम मिळालं आहे, जवळच खोली घेतली आहे. आज गेले होते तेव्हा आतूनच ओरडला, “ये गं, दार उघडं आहे.”

त्या उत्तराखाली सही करणाऱ्याचं नाव मी लिहून घेतलं आहे. ही अट काढा म्हणून त्याला तीन अर्ज केले, चौथा उद्या.

१२ सप्टेंबर

तज्ज्ञाला अभ्यासाचा परवाना मिळाला. त्यावर देखरेख ठेवायला रुग्णांच्या घरचं एक माणूस लागतं. तो माझ्या खिडकीशी रांगेत उभा राहून आला. “तुम्ही याल का? माझ्यावर सर्वांत कडक नजर तुम्हीच ठेवाल.”

मी विचार करते म्हटलं. विचार काय करायचा होता! त्याच्या प्रत्येक कागदावर माझी सही. माझ्या सहीशिवाय त्याचा एक आकडा पुढे जाणार नाही. याहून चांगला सूड मला बसल्या जागी सुचला नसता.

२ डिसेंबर

पहिल्या रुग्णाची तपासणी. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता हात चालत नाहीत. तीन आठवडे मोजून थेंब दिले आहेत. तज्ज्ञाने विचारलं, “काही फरक?”

बाई म्हणाल्या, “काल नातीच्या वेण्या घातल्या. एक तिरकी झाली, पण घातल्या.” मग लाजून म्हणाल्या, “मंगळवारी मात्र घाबरले होते. उगाचच. तासभर.”

तज्ज्ञाने लिहिलं: ‘मध्यम सुधारणा. किरकोळ दुष्परिणाम.’

“खोडा,” मी म्हटलं.

“फॉर्ममध्ये एवढीच जागा आहे हो.”

“मग पान उलटा. वेण्या लिहा. तिरकी झाली तेही. आणि घाबरल्या ते त्यांच्या शब्दांत, तास धरून. किरकोळ होतं की नाही ते त्या सांगतील.”

त्याने चष्मा काढून पुसला, पान उलटलं. बाई सांगत गेल्या, तो लिहीत गेला. अक्षर न लागणारं झालं तिथे मी बोट ठेवलं आणि तो शब्द पुन्हा लिहायला लावला. बाहेर रुग्ण खोळंबले होते. मला घाई नव्हती.